डोस जवळ आला की ताकद उतरते त्याबद्दल

'पुढचा डोस जवळ आला की पाय परत लटपटतात म्हणजे आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज शिरेतून देण्याचा उपचार) लागूच पडत नाही' असं कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. सीआयडीपीत (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातापायांची ताकद जाते, तो आजार) हे बऱ्याच जणांना होतं, बाहेरून दिलेल्या अँटीबॉडीज साधारण ३-४ आठवड्यांत निम्म्यावर येतात, मग असर उतरणारच, अशा वेळी डॉक्टर डोस नाहीतर मधलं अंतर बदलून बघतात.

आमच्या सासूबाई म्हापशाच्या, डोस झाला की शुक्रवारच्या बाजारात स्वतः जाऊन घासाघीस करणार आणि शेवटच्या आठवड्यात ब्लाउजचे हूकसुद्धा लागेनात. नुसतं 'अशक्तपणा वाटतो' म्हटलं की डॉक्टरला तरी काय कळणार, म्हणून मुठीची ताकद मोजायचं यंत्र आणलं, रोजचे आकडे वहीत लिहून ती न्यूरोलॉजिस्टपुढे ठेवली. त्यावरून अंतर कमी केलं, आता हूक त्याच लावतात.