चर्चा : भूकंपात घर कशानं पडतं, जमिनीनं की बांधकामानं?

दर्यापूरकर
२०२४ मध्ये हिंगोलीकडे धक्के बसले तेव्हापासून एकच ऐकतो, "केंद्र लांब आहे, आपल्याला काय होते?" मला हे अजिबात पटत नाही. १९८५ च्या भूकंपाचं केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं. तरी जुन्या तळ्याच्या गाळावरच्या इमारती कोसळल्या आणि खडकावरच्या वस्त्यांत नुकसान फार कमी झालं. मऊ थरात लाटेचा वेग घटतो, हेलकावा वाढतो. आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, पूर्णा नदीचा गाळ इतका खोल की बोअर मारून मारून खडक लागत नाही. फ्लॅट चढवण्याआधी माती तपासणी सक्तीची करा.

अकोटचा ठेकेदार
दादा, किल्लारी विसरले काय? ३० सप्टेंबर १९९३, तीव्रता ६.२. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती अन् वरून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं, त्याखाली झोपलेली माणसं दबली. मारलं ते बांधकामानं. कॉलमच्या रिंगा जवळजवळ घ्या, टोकं आत वळवा, काँक्रीटला पाणी मारा. भूकंपाच्या सरकारी नकाशात आपला झोन मोठ्या धोक्याचा नाही. घरकुलवाल्यानं तपासणीचे पैसे कुठून आणायचे?

यवतमाळ, भूगोल शिक्षक
झोनवर विसंबू नका. तो अख्ख्या प्रदेशाचा धोका सांगतो, तुमच्या प्लॉटखाली काय आहे ते नाही. म्हणून तर भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस १८९३ मध्ये, कठीण, मध्यम आणि मऊ जमिनीचा हिशेब वेगळा आहे. पण दर्यापूरकर, घरकुलाची भीती तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधता. मऊ थर जितका खोल, तितका त्याचा झोका संथ, आणि संथ झोका उंच इमारतीला धरतो. मेक्सिकोत सर्वाधिक मार सहा ते पंधरा मजल्यांना बसला. बैठ्या घराला जास्त भीती पाच-सात मीटर काळ्या मातीची, जिच्याखाली लगेच काळा पाषाण लागतो. आमच्याकडे तीच आहे. शिवाय उन्हाळ्यात तिला पंजा जाईल अशा भेगा पडतात, पाया हलतो, भिंत आधीच तडकलेली असते.

अकोटचा ठेकेदार
काळ्या मातीचं मान्य, आम्ही मुरूम लागेपर्यंत खणतोच. पण २००१ ला भूजपासून दोनशेवर किलोमीटर लांब अहमदाबादेत पडल्या त्यातल्या कित्येक इमारती खाली पार्किंग मोकळं सोडलेल्या होत्या. तो दोष जमिनीचा नाही.

दर्यापूरकर
दोष पार्किंगचा खरा, पण इतक्या लांबून आलेला धक्का जोरदार केला साबरमतीच्या गाळानं. घरकुलाला सूट द्या, माझी हरकत नाही. पण तीन मजल्यांच्या वर परवानगी मागणाऱ्यानं बोअरची नोंद जोडलीच पाहिजे : माती किती, मुरूम किती फुटांवर, खडक लागला की नाही. बोअरवाले ही माहिती रोज पाहतात, ती नगरपालिकेत लिहून ठेवायला काय खर्च येतो?