बाबांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) परत करायचीय, पोट साफ नव्हतं म्हणे. काय चुकलं?

कोथरूडकर: बाबा ७१ वर्षांचे. गेल्या आठवड्यात तपासणी होती, पोट साफ करायचं दोन लिटर औषध कसंबसं आदल्या रात्रीच संपवलं, रात्रभर संडासच्या खेपा, आणि सकाळी डॉक्टर म्हणाले आत चिकट मळ आहे, उजवीकडचं काही दिसत नाही, परत या. हातात एक इंग्लिश कागद दिला होता तो ना त्यांनी वाचला ना आम्ही. आता बाबा म्हणतात ते खारट पाणी परत पिणार नाही.

सिस्टर_मावशी: एंडोस्कोपी रूममध्ये काम करते, हे रोज बघते. सगळं रात्रीच प्यायलं तिथेच घोळ झाला. रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट पाणी उतरत राहतं, उजव्या बाजूला लेप बसतो आणि चपटे पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या गाठी) नेमके तिथेच लपतात. म्हणून अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून निदान २ तास आधी संपवायचं (भूलवाले जास्त वेळ सांगत असतील तर त्यांचं ऐका). १० ची वेळ असेल तर पहाटे ५ चा गजर, इलाज नाही. आणि ५-६ वेळा जाऊन आलं म्हणजे साफ झालं असं नसतं हो, शेवटी लघवीसारखं पिवळट, आरपार दिसणारं पाणी यायला हवं.

गवतीचहा: आईच्या वेळी दोन दिवस आधीपासून पालेभाजी, भाकरी, टोमॅटो, पेरू, तीळ सगळं बंद, मऊ दहीभात चालला. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा. मावशी प्रेमाने कोकम सरबत घेऊन आली, नशीब आधी विचारलं, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो म्हणे. औषध फ्रिजमध्ये गार करून स्ट्रॉने प्या, दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास, खारटपणा कमी लागतो.

कोथरूडकर: बाबांना कायमची बद्धकोष्ठता आहे, शिवाय शुगरची, रक्त पातळ करायची आणि लोहाची गोळी चालू आहे. हे सांगायचं असतं का??

सिस्टर_मावशी: अहो हेच तर आधी सांगायचं! बद्धकोष्ठतेला तयारी जास्त लागते, लोहाने मळ काळा चिकट होतो म्हणून ती साधारण आठवडाभर आधी थांबवतात. शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारूनच, मनाने एकही बंद करू नका. आजच फोन लावा.

कोथरूडकर: लावला. मराठीत लिहून कागद फ्रिजवर चिकटवलाय. बाबा तयार झालेत, पण पहाटे ५ ला मीही उठायचं, शेजारी बसायचं आणि चहा मात्र प्यायचा नाही अशी अट आहे.