दुसरीतली मुलगी धडा वाचते की पाठ म्हणते?

दुसरीची आई:
मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. मराठीचा धडा घडाघडा वाचते. परवा त्याच धड्यातल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवलं, तर गप्प! बाई म्हणतात बाराखडी घोकून घेऊ नका. सासूबाई म्हणतात बाराखडीशिवाय वाचन येणारच नाही. कुणाचं ऐकू?

खडूवाले गुरुजी:
ताई, माझ्याकडे पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात, त्यामुळे हे रोज बघतो. धडा तोंडपाठ होणं वाईट नाही, पण ते वाचन नव्हे. आधी तपासा. तिला येणाऱ्या अक्षरांचे पुस्तकात नसलेले शब्द लिहा. अर्थ नसलेलेसुद्धा चालतील: भानग, मागन, नाभम. हे कुणालाच पाठ नसतात. वाचले तर अक्षरं पक्की आहेत. अडली, तर कुठे अडते ते कळेल.

आता बाराखडी. पहिलीत आम्ही अ आ इ ई पासून सुरू करत नाही. ग म भ न सारखी चारच अक्षरं घेतली की लगेच मग, मन, गगन, नमन वाचता येतं. मग काना, की नाग, मान, मामा. वेलांटीला मात्र गाडी थांबते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार नंतर करायचा, हे सहा वर्षांच्या पोराला कसं पटावं? तिथे घाई करू नका.

सासूबाईंची बाराखडी फेकून द्यायची नाही, फक्त आडवी म्हणू नका. क का कि की सुरात म्हटलं की ते गाणं होतं. उभी वाचायला लावा: का, मा, ता, ना. मग कि, मि, ति, नि. गाणं मोडतं आणि अक्षराकडे बघावंच लागतं.

दुसरीत जोडाक्षरं. आधी सोपी: चप्पल, पक्का. मग पुस्तक, ग्लास. सगळ्यात शेवटी र, कारण तो प्रत्येक ठिकाणी वेगळं सोंग घेतो: सूर्य, चक्र, ट्रक, वाऱ्यावर. तुमची लेक बहुतेक इथेच अडकलेली असेल.

मोबाईलवाला बाबा:
थोडं विषयांतर. आमचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. पुस्तकातला ल आणि श ओळखतो, फोनवर मात्र गोंधळतो. फाँट हिंदी वळणाचा असतो. मराठी वळणाच्या ल आणि श बद्दल 2009 मध्ये शासन निर्णय निघाला, पण फोनला कोण सांगणार? बाकी एक विचारायचं होतं. निपुण भारतमध्ये (केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान) तिसरीला मिनिटाला 60 शब्द म्हणतात. घड्याळ लावून बसायचं का?

खडूवाले गुरुजी:
घरी तरी लावू नका. दुसरीअखेर 45 ते 60 आणि तिसरीला किमान 60, हे ध्येय अर्थ कळून वाचण्याचं आहे. लोक आकडा तेवढा लक्षात ठेवतात. तरी वेगाला अर्थ आहे. एकेक अक्षर जोडत बसलेलं मूल वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. म्हणून तिसरीत तोच उतारा दोन-तीनदा वाचून घेतो आणि नंतर पुस्तक मिटून विचारतो, 'काय झालं त्यात?'

चौथीत लिहिणं. तिथे निबंध पाठ करून आणणारी पोरं भेटतातच. 'माझी आई' प्रत्येकाची सारखीच पहाटे उठते! मी विषय देतो, 'काल घरी भांडण कशावरून झालं'. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर निघतात, पानी-पाणी होतंच, पण वाक्यं त्यांची स्वतःची असतात. लाल पेन तेव्हा खिशातच ठेवतो.

दुसरीची आई:
काल तुमचे शब्द दिले. भानग वाचलं, नाभम वाचलं. 'वाऱ्यावर' ला थांबली. आता र च्या मागे लागते. सासूबाईंना उभी बाराखडी दाखवली, त्या म्हणाल्या, 'हे काय नवीनच?' पण आता त्याच घेतायत.