मदत हवी आहे: ली हिंग मुई मार्गारिटा घरी कशी जमवायची?

नमस्कार मंडळी,

हवाईत ओआहू बेटावर ली हिंग मुई लावलेली मार्गारिटा (टकीला या मेक्सिकन दारूचं कॉकटेल) प्यायलो, तेव्हापासून ती चव डोक्यातून जात नाहीये. येत्या शनिवारी मित्रमंडळी घरी जेवायला येणार आहेत, त्यांना ती पाजायची आहे. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. येताना होनोलुलूहून ली हिंग मुईच्या लाल पुडीची बाटली आणि अख्ख्या सुक्या प्लमचं पाकीट, दोन्ही आणलंय.

ज्यांना ली हिंग मुई माहीत नाही त्यांच्यासाठी: खारवून सुकवलेलं चिनी प्लम, त्याला ज्येष्ठमधाची गोडी. चिनी लोकांबरोबर हे हवाईत आलं आणि आता तिथे अननस, पेरू, कैरी, बर्फाचा गोळा, कशावरही भुरभुरतात. आवळासुपारी आवडणाऱ्याला पहिल्या घासातच पटेल.

माझं माप नेहमीचंच आहे: ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाची गोड दारू), १५ मिली लिंबाचा रस. टकीला ब्लांको, म्हणजे न मुरवलेली पांढरी, शंभर टक्के अगावे या वनस्पतीची. अडचण अशी की पूड ग्लासच्या काठावर लावली की पाच मिनिटांत तिचा चिखल होतो आणि लाल ओघळ बोटांवर येतात. शिवाय प्लमची चव फक्त ओठांना लागते. आत नुसती मार्गारिटाच राहते. तिथे प्यायलेल्या ग्लासात प्लम आतही जाणवत होतं.

जाणकारांनी कृपया सांगावं:
अख्खे प्लम टकीलात भिजवायचे का? किती, आणि किती वेळ? आत बी असते, ती चालते का? आणि एका मित्राला रक्तदाबाचा त्रास आहे, त्याला हे द्यावं का?

प्रतिसाद

होनोलुलूत बरीच वर्षं आहे, म्हणून लिहिते. हो, प्लम भिजवायचेच. इथे बरेच जण तसंच करतात. पाव लिटर ब्लांकोला सहा-सात प्लम घ्या, काचेच्या बरणीत झाकून ठेवा आणि सहा तासांनी चमचाभर चाखा. रंग फिकट चहासारखा झाला आणि जिभेच्या कडांना खारट-आंबट लागलं की गाळून घ्या. रात्रभर ठेवलंत तरी हरकत नाही, त्याहून जास्त नको. मीठ उतरतच राहतं आणि मग लिंबू दबून जातं. गाळायला मलमलचं फडकं घ्या, साध्या गाळणीतून गर खाली येतो.

बी फोडू नका, अख्खी राहू द्या. फोडलेल्या बीच्या गरातून सायनाइड तयार होऊ शकतं. अख्ख्या बीची इतक्या वेळात काळजी नको. जपानी लोक उमेशूसाठी (प्लमसारख्या फळाची गोड दारू) अख्खी फळं बीसकट महिनोन् महिने दारूत ठेवतात.

काठाचं म्हणाल तर पूड ओल धरते, त्यात ग्लास लिंबाच्या रसात बुडवला की चिखल होणारच. लिंबाची फोड फक्त बाहेरच्या बाजूने आणि अर्ध्याच काठावर फिरवा. पुडीत तेवढीच जाड दाणेदार साखर मिसळा, म्हणजे ती सुटी राहते. वेगळं मीठ अजिबात घालू नका. आणि ग्लास भरायच्या अगदी आधी लावा, आधीपासून सजवून ठेवू नका.

प्रतिसाद

वरच्या ताईंशी सहमत. ट्रिपल सेक मात्र १५ मिलीवर आणा, कारण पुष्कळशा पुडींत सॅकरिन किंवा ॲस्पार्टेम असतं आणि ती गोडी मागून येते. लिंबू २० मिली करा. जमलं तर मेक्सिकन दुकानातून छोटी, पातळ सालीची लिंबं आणा. ती आपल्या कागदी लिंबाच्याच जातीची, त्यांचा वास बिनबियांच्या मोठ्या लिंबाला नाही. लिलिकोई, म्हणजे पॅशन फ्रूट मिळालं तर एक चमचा गर घाला, हवाईत ही जोडी ठरलेली आहे.

रक्तदाबवाल्या मित्राला हे देऊ नका. मीठ आहेच, वर ज्येष्ठमधानेही रक्तदाब चढतो. त्याच्यासाठी साधी मार्गारिटा करा, काठ कोरडा ठेवून. औषधं चालू असतील तर दारू घ्यायची की नाही हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारू दे.

प्रतिसाद

मी पुण्यात आहे. ली हिंग मुई इथे मिळत नाही, पण करून बघायची फार इच्छा आहे. सुक्या मेव्याच्या दुकानातला आंबट आलुबुखार चालेल का?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शुक्रवारी रात्री प्लम भिजत घालतो, सकाळी गाळून फ्रीजमध्ये ठेवतो. लिंबं मेक्सिकन दुकानातूनच आणेन.

पुणेकर, आलुबुखार घ्या, पण त्यात मीठ नसतं. भिजवताना चिमूटभर मीठ आणि ज्येष्ठमधाची छोटी काडी बरोबर टाका. काठासाठी आलुबुखार कडक वाळवून मीठ, साखर आणि ज्येष्ठमध पावडरबरोबर मिक्सरला फिरवून बघा. ताई, ज्येष्ठमध पावडरचं प्रमाण किती ठेवावं? जास्त झाली तर कडवट लागते म्हणून विचारतोय.