जुन्या स्पोर्ट्स कारमधले सस्पेन्शन मोड: खरंच फरक पडतो का?

झेडवाला
नुकतीच १९९१ ची निसान ३००झेडएक्स ट्विन टर्बो घेतलीये. कन्सोलवर टूरिंग आणि स्पोर्ट असं सस्पेन्शनचं बटण आहे. दाबून बघतो, पण मला तरी काहीच वेगळं वाटत नाही, खड्ड्यातून गेलो की दोन्हीकडे सारखाच दणका. त्या काळी हे नुसतं ब्रोशरसाठी दिलेलं का, की माझ्याच गाडीत काहीतरी गेलंय? शॉक (शॉक अब्सॉर्बर) बदलायला आलेत म्हणून विचारतोय, परत इलेक्ट्रॉनिकच टाकू की साधे फिक्स, म्हणजे मोड न बदलणारे, घेऊन मोकळा होऊ? ज्यांनी अशा गाड्या चालवल्यात त्यांनी प्लीज सांगा.

ऑइलसील
फरक पडतो, पण तू तो चुकीच्या जागी शोधतोयस. त्या काळच्या बहुतेक सिस्टिममध्ये शॉकच्या डोक्यावर एक छोटी मोटर असते, ती पिस्टन रॉडच्या आतली बारीक दांडी फिरवते आणि ऑइल जायचं भोक लहानमोठं करते, बास, एवढंच. स्प्रिंग तीच, अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) तोच. त्यामुळे लांब वळणात गाडी शेवटी जेवढी कलायची तेवढीच कलते, फक्त स्पोर्टमध्ये ती सावकाश कलते आणि लगेच सावरते. आणि खड्ड्याच्या दणक्यात टायर, प्रेशर आणि रबरी बुश यांचाच हात जास्त असतो, तिथे बटण काय करणार. एक लांब उंचसखल रस्ता बघ, पटकन लेन बदल, जोरात ब्रेक मारून नाक किती खाली जातं ते बघ, आणि हे सगळं त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला दोन्ही मोडमध्ये कर. सिस्टिम जिवंत असेल तर कळल्याशिवाय राहणार नाही.

कॉर्वेटकाका
वरच्यांशी सहमत. माझ्याकडे सी४ (चौथ्या पिढीची) कॉर्वेट आहे, एफएक्स३ वाली, म्हणजे बटणाने मोड बदलणाऱ्या सस्पेन्शनची, १९८९ पासून ते ऑप्शन मिळायचं. टूर, स्पोर्ट, परफॉर्मन्स असे तीन मोड आणि प्रत्येक मोडमध्ये स्पीड वाढला की कंप्युटर शॉक आपोआप कडक करत जातो, म्हणून गल्लीत बटण फिरवून बघणाऱ्याला काही सापडत नाही आणि तो म्हणतो सगळं बोगस आहे. हायवेवर टूर आणि परफॉर्मन्समधला फरक मला अगदी स्पष्ट जाणवतो. मात्र खराब रस्त्यावर परफॉर्मन्स अजिबात लावू नका, चाक रस्त्याला चिकटून राहायच्या ऐवजी उडायला लागतं आणि उलट ग्रिप जाते. कडक म्हणजे फास्ट हे डोक्यातून काढा.

आणि झेडवाला, आधी शॉक जिवंत आहेत का ते बघ रे. तीस वर्षांचा गळका शॉक कडक मोडमध्येसुद्धा नवीन शॉकच्या मऊ मोडपेक्षा ढिला असू शकतो, मग कुठला मोड आणि कुठलं काय.

ऑइलसील
अगदी बरोबर. टेस्ट सोपी आहे. चावी ऑन कर (काही गाड्यांत इंजिन चालू लागतं), एकाला बटण दाबायला बसव आणि तू प्रत्येक शॉकच्या वरच्या टोकावर हात ठेव. मोटर फिरली की बारीक टकटक हाताला लागते. चारही ठिकाणी लागली पाहिजे. नाही लागली तर मोटर काढून आतली दांडी हाताने फिरवून बघ, ती अडकली असेल तर दोष शॉकचा, मोकळी फिरत असेल तर मोटर किंवा वायरिंग.

झेडवाला
केलं आत्ताच. पुढचे दोन्ही टकटक करतात, मागचे दोन्ही गप्प! आणि मागच्या एका शॉकवर ऑइलचा ओघळपण आहे. म्हणजे इतके दिवस बटण दाबून फक्त पुढचेच शॉक बदलत होते??

फ्लॅटसिक्स
मग तुला काही न जाणवणं साहजिक आहे. माझा अनुभव पोर्शे ९११ च्या ९९७ मॉडेलचा, पीएएसएम (पोर्शेचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन) वाली. तिथे नॉर्मल मोडमध्येसुद्धा जोरात चालवली की सिस्टिम स्वतःच कडक होते, त्यामुळे स्पोर्टचं बटण मी ट्रॅक सोडून क्वचितच दाबतो. २००३ च्या कॉर्वेटमध्ये आलेली मॅग्नेटिक राइड तर अजून पुढची, ऑइलमध्ये लोखंडाचे कण आणि चुंबकाने सेकंदाला हजार वेळापर्यंत बदल. तुझ्या गाडीची त्याच्याशी तुलना करू नकोस, तिथे दोनच पायऱ्या आहेत.

माझं मत, गाडी रोज चालवणार असशील तर चांगले फिक्स शॉक घाल, नीट निवडले तर अर्ध्या जीव गेलेल्या इलेक्ट्रॉनिकपेक्षा शंभर पटीने बरे.

कॉर्वेटकाका
मला हे पटत नाही. ओरिजिनल गाडी आहे तर ती तशीच राहू दे ना, एकदा ही सिस्टिम काढून फेकली की परत कोणी बसवत नाही. माझे बिलस्टीन कंपनीचे शॉक उघडून नवीन सील आणि ऑइल घालून परत बांधून घेतलेत, मस्त चाललेत. तुझे तसे बांधून मिळतात का ते आधी विचार, नाहीच मिळाले तर फिक्स घे, पण मोटर, वायरिंग, कंट्रोल युनिट सगळं डब्यात भरून जपून ठेव. आणि काहीही कर, मागचे दोन्ही जोडीनेच कर, एक नवा एक जुना अजिबात नको.

झेडवाला
ठीक, आधी मागच्या मोटर काढून दांड्या फिरवून बघतो. बुशचे फोटोपण टाकतो, ते मला जरा चिरलेले वाटतायत.