मदत हवी आहे : यूरिक ॲसिड वाढल्यास कळण्याची भाकरी बंद करावी का?

नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो. गेल्या महिन्यात लग्नाहून परतल्यावर पहाटे वडिलांच्या (वय ६२) उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन असा सुजला, की पांघरुणाचा स्पर्शही त्यांना सहन होईना. रक्तातील यूरिक ॲसिड ८.९ आले, डॉक्टरांनी हा गाऊट (यूरिक ॲसिड सांध्यात साचून होणारा संधिवात) असल्याचे सांगून औषध सुरू केले आणि पातळी ६ च्या खाली आणायची आहे, असे बजावले. मटण आणि कलेजी बंद करणे जड गेले नाही. दारूचा तर प्रश्नच नव्हता.

खरी अडचण डाळींची आहे. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी आमच्याकडे रोजची, पाहुणे आले की वरण-बट्टी. शेजारीपाजारी मात्र सगळ्या डाळी सोडायला सांगतात. माझ्या वाचनाप्रमाणे डाळींतील प्युरिनमुळे (ज्या घटकापासून शरीरात यूरिक ॲसिड तयार होते) मांसाहाराइतका धोका वाढत नाही, उलट गोड शीतपेयांतील फ्रुक्टोज या साखरेमुळे यूरिक ॲसिड वाढते. ज्यांच्या घरी हा त्रास आहे, त्यांनी कळण्यातील उडदाचे प्रमाण कमी केले का, आणि त्यानंतर तपासणीत काही फरक दिसला का, हे कृपया सविस्तर कळवावे. औषध थांबवण्याचा आमचा विचार नाही.