झोपच लागली नाही तर माणूस दगावू शकतो का? भावासाठी मदत हवी आहे

अबोली_देवगड

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज अडचण घेऊन आले आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ एका ट्रॉलरवर तांडेल आहे, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. अजून तिशी गाठायची आहे. १ ऑगस्टला मासेमारी बंदी उठली आणि तो नेहमीसारखा दर्यात गेला. गणपतीला घरी आला, आरत्या, भजनं, जागरणं सगळं हौसेने केलं. त्यानंतर त्याची झोप जी बिघडली ती बिघडलीच. बोटीवर तशीही सलग झोप मिळत नाहीच. जाळं टाकायचं, दोनतीन तास ओढायचं, वर घ्यायचं, मासळी निवडून बर्फात घालायची, की परत जाळं पाण्यात. मध्ये वेळ मिळेल तेवढं आडवं व्हायचं. पण पूर्वी तो तेवढ्यातही घोरायचा. आता घरी गादीवर पडला तरी टक्क जागा.

त्यात भर म्हणजे त्याने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला. अकरा दिवस झोप झाली नाही तर माणूस मरतो म्हणे, आणि इटलीतल्या एका घराण्यात झोप जाऊन माणसं मेली म्हणे. तेव्हापासून बोटांवर दिवस मोजतोय. संध्याकाळ झाली की चेहरा उतरतो. परवा पडवीत बसून मला म्हणाला, "ताई, माका झोप लागणा नाय. मी काय आता वाचूचंय नाय."

नवरात्रासाठी मी माहेरी आले आहे. त्या रात्री मुद्दाम जागी राहिले. एक-दीडपर्यंत कूस बदलत होता, दर थोड्या वेळाने मोबाईल उजळून वेळ बघत होता. नंतर बघते तर तोंड उघडं, व्यवस्थित घोरतोय. मोबाईल छातीवर तसाच. पहाटे उठला आणि आईला सांगतो, डोळ्याला डोळा लागला नाही! मी सांगितलं तर माझ्यावरच भडकला, "तू खोटा बोलतस."

आईचं म्हणणं, देवळात गाऱ्हाणं घालूया, बाहेरचं काहीतरी असेल. मोठ्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर भाऊ म्हणतो, गावात वेडा म्हणतील. मित्राने कसलीतरी झोपेची गोळी आणून दिली आहे, ती अजून घेतलेली नाही. आणि बोटीचा मालक पुढच्या फेरीसाठी मागे लागला आहे. खरंच जिवाला धोका असतो का हो? पाठवू की नको?

ओसरी

आमच्याकडचे दशावतारी बघा. जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्रभर नाटक, पहाटे तोंडावरचा रंग पुसून टेम्पोत, दुसऱ्या गावात दुसरं देऊळ. वर्षानुवर्षं चालतं. कोण मेला नाय. टेन्शन घेऊ नका.

काश्याच्या वाटीने तळपाय घासा, खोबरेल तेल टाळूवर घाला, दुधात जायफळ द्या.

रातराणी

ओसरी, दशावतारी दिवसा झोपतात हो. मागच्या वर्षी आमच्या मांगरात त्यांचा मुक्काम होता, दुपारी दोन वाजेपर्यंत सगळे आडवे. ते आणि हे एक नव्हे.

उलटा_प्रवाह

भावाला उगाच खोटा धीर देऊ नका. शिकागो विद्यापीठात रेख्टशाफेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले होते. खाली पाणी, वर फिरती तबकडी. उंदीर पेंगला की तबकडी फिरायची, तो पाण्यात पडू नये म्हणून चालत राहायचा. ११ ते ३२ दिवसांत सगळे मेले किंवा मरायला टेकले. भरपूर खात असूनही वजन घटत गेलं, अंगावर जखमा झाल्या, शेवटी अंग गार पडायला लागलं. त्याच्याही आधी, १८९४ मध्ये, मानासेइना या रशियन बाईने कुत्र्याची पिल्लं जागी ठेवली होती, ती चार-पाच दिवसांत गेली. म्हणजे झोपेवाचून मरण येतं हे सिद्ध आहे.

अबोली_देवगड

हे वाचून माझीच झोप उडाली. भावाला हा धागा दाखवणार होते, आता नाही दाखवत.

एमबीबीएस_पास

दाखवा, पण माझ्या प्रतिसादापासून पुढे दाखवा.

मी गावातला साधा डॉक्टर आहे, झोपेचा तज्ज्ञ नव्हे, आणि धाग्यावरून निदान होत नसतं. पण उलटा_प्रवाह यांनी लिहिलेलं खरं असलं तरी अर्धवट आहे. त्या उंदरांना झोपूच दिलं नव्हतं. डोळा लागला की यंत्र उठवायचं. तुमच्या भावाला कोण उठवतंय? गादीवर पडलेल्या माणसाच्या मेंदूत जागेपणाचा दाब साचत जातो आणि शेवटी मेंदू झोप हिसकावून घेतो. माणसाची इच्छा असो वा नसो. तुम्ही त्या रात्री तेच बघितलंत.

अकराचा आकडा बहुधा रँडी गार्डनरवरून आला असावा. सॅन दिएगोचा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा. १९६३ च्या डिसेंबरात सुरुवात करून जानेवारी १९६४ पर्यंत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, तो २६४ तास जागा राहिला. म्हणजे अकरा दिवस. विल्यम डिमेंट हे झोपेचे संशोधक स्वतः तिथे हजर होते. मुलगा चिडचिडा झाला, आठवण दगा द्यायला लागली, भास झाले. मग पहिल्या रात्री साधारण चौदा तास झोपला आणि उठून चालता झाला. अकरा दिवसांनी तो मेला नाही, अकरा दिवसांनी तो झोपला. व्हिडिओवाल्याने तो मुलगा आणि ते उंदीर एकाच पातेल्यात घातलेले दिसतात. (गिनीजवाल्यांनी पुढे हा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण लोक जिवावर उदार होऊन करायला लागले असते.)

आता इटलीचा आजार. तो खरा आहे. बोलोन्याच्या लुगारेसी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. एक बिघडलेलं प्रथिन, प्रायॉन म्हणतात त्याला, मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागाचा नाश करतं. बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, साधारण पन्नाशीच्या आसपास सुरू होतो. नुसती झोप जात नाही. घाम, छातीत धडधड, तोल जाणं, वजन उतरणं, बोलणं अडखळणं, सगळं सोबत येतं आणि दिसामासाने वाढत जातं. तिथेही माणूस जातो तो मेंदू नासल्यामुळे. झोप जाणं हे त्या नासण्याचं लक्षण. जगात अशी घराणी मोजकीच आहेत. तुमच्या घरात कोणी असं गेलं आहे का?

अबोली_देवगड

नाही हो. आजोबा नव्वदीपर्यंत होते, आणि दुपारचे जेवले की अंगणातच कलंडायचे. वजन वगैरे काही उतरलेलं नाही त्याचं, जेवण बऱ्यापैकी आहे.

मग तो झोपूनही झोपलो नाही असं का म्हणतो?

एमबीबीएस_पास

खोटं बोलत नाहीये तो. निद्रानाश असलेल्या पुष्कळ लोकांना उथळ झोप ही जागच वाटते. मधूनमधून जाग आली की तेवढीच लक्षात राहते, मधली घोरण्याची दोन तासांची पट्टी पुसली जाते. आणि दर वेळी वेळ बघितली की हिशेब सुरू: आता तीन वाजले, म्हणजे अजून झोपलो नाही, म्हणजे मी मरणार. मरणाची भीती वाटणाऱ्याला झोप कशी येईल? माझ्या मते सध्या त्याला जागं ठेवणारी मुख्य गोष्ट हा प्रश्नच आहे. त्याच्याशी वाद घालू नका, पुरावा म्हणून व्हिडिओ काढू नका. फोन मात्र रात्री तुमच्याकडे घ्या, आणि भिंतीवरचं घड्याळही काढा.

एक गोष्ट विचारायची राहिली. घोरताना मध्येच श्वास थांबून मग घुसमटल्यासारखा आवाज येतो का? तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळा उपाय आहे.

खाडीपलीकडे

आमचे बाबा तांडेल होते म्हणून लिहितो. गादीवर तो मरणार नाही हे डॉक्टरसाहेबांनी सांगितलंच. पण सुकाणूवर? रात्री ऑटोपायलट लावून, समोर नुसता काळोख, खाली इंजिनाची घरघर, अशा वेळी न झोपलेल्या माणसाचे डोळे उघडे असून मिटलेले असतात. बंदराजवळ नांगरलेल्या होड्या असतात, खडक असतात, बाहेर मोठी जहाजं जातात. आणि एकटा तांडेल नाही जात, बरोबर खलाशीपण जातात. जाळं ओढताना विंचमध्ये हात गेलेले मी बघितले आहेत.

माझं स्पष्ट मत: ही फेरी नको. मालक बोंबलला तर बोंबलू दे.

आणखी एक, रात्री बोटीवर कोरा चहा किती पितो, तंबाखू किती मळतो ते बघा.

अबोली_देवगड

तंबाखू तर विचारू नका. झोपायच्या आधीसुद्धा एक बार लावतोच. चहा पण वाढलाय. दारू रोजची नाही, पण हल्ली "झोप लागेल म्हणून" घेतो थोडी.

एमबीबीएस_पास

खाडीपलीकडे यांना शंभर टक्के अनुमोदन. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तोच. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी मोजून दाखवलं होतं, की सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचा हात आणि डोळा रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा चालतो. चोवीस तासांनी ०.१०. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. मुंबई-गोवा हायवेला गणपतीत जे पहाटेचे अपघात होतात, त्यात न झोपलेले ड्रायव्हर असतातच.

तंबाखू आणि चहा दोन्ही झोप पळवतात. संध्याकाळनंतर दोन्ही बंद. दारूने डोळा लवकर लागतो आणि मध्यरात्रीनंतर तुटतो. मित्राची गोळी मात्र आजच ताब्यात घ्या. चिठ्ठीशिवायची झोपेची गोळी, त्यावर दारू, यात श्वास मंदावून माणूस खरोखर दगावतो. दगावण्याची भीती असेल तर ती इथे बाळगा. जायफळ चिमूटभर चालेल, ओसरींचं ऐकून अख्खं उगाळू नका, जास्त झालं तर भास होतात.

ताबडतोब न्यायची वेळ कधी? झोप नाही तरी अंगात भलताच जोर, अखंड बडबड, मोठमोठे बेत, पैशाची उधळपट्टी असं दिसलं तर. नसलेलं दिसायला-ऐकायला लागलं, फीट आली, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर रात्र काढू नका.

ओसरी

चिमूटभरच म्हणत होतो मी. असो. तळपायाला तेल लावण्यात तरी दोष काढू नका!

रातराणी

ताई, गाऱ्हाण्याला विरोध करू नका असं मला वाटतं. आईचं मन राहील, आणि भावालाही कोणीतरी आपल्या बाजूने उभं आहे असं वाटेल. फक्त गाऱ्हाणं घातलं म्हणून डॉक्टर टळायला नको. वेडा म्हणतील याची भीती असेल तर आधी १४४१६ वर फोन लावून द्या, टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. गावात कोणाला कळायचं कारण नाही.

अबोली_देवगड

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला रँडी गार्डनरचं वाचून दाखवलं. चौदा तास झोपला म्हटल्यावर पहिल्यांदा हसला. "चौदा तास? माका चार दी रे देवा," म्हणाला. फोन आईकडे दिलाय, कुरकुर करत. मालकाला मीच सांगितलं, या फेरीला दुसरा तांडेल बघा. बराच वेळ बोलला तो, मी ऐकून घेतलं.

सोमवारी ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेते आहे. तिथे काय काय सांगायचं? आणि गोळ्या कायमच्या मागे लागतील का?

एमबीबीएस_पास

आजपासून एका वहीत रोज सकाळी लिहा: किती वाजता पडला, किती वाजता उठला, दुपारी झोपला का, चहा-तंबाखू-दारू किती. घड्याळ बघून नव्हे, अंदाजाने. बोटीवरच्या पाळ्या कशा असतात तेही सांगा, नाहीतर डॉक्टर "रात्री दहाला झोपा" म्हणून मोकळे होतील. कसली काळजी आहे का, कर्ज, मालकाशी भांडण, लग्नाचं, हे भावाला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

गोळ्या लागल्या तरी सहसा थोड्या दिवसांच्या. जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून हल्ली गोळीविना उपचारच सांगतात: उठायची वेळ रोज एकच, झोप नाही लागली तर अंथरुणातून उठून बाहेर बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं, दिवसाची डुलकी बंद. पहिला आठवडा जड जातो, तो चिडेल.

सोमवारी जाणार कसे?

अबोली_देवगड

त्याच्या बाईकवर, मी मागे बसून.

एमबीबीएस_पास

अहो, एवढं सगळं लिहिलं ते कशासाठी? त्याच्या हातात बाईक देऊ नका.

अबोली_देवगड

बरोबर आहे. सकाळची एसटी आहे, तीच धरतो.